हक्कच नव्हता, तर सही कशाला?

संध्याकाळी सात वाजले की आमच्या घरातला टीव्ही बंद होतो. सासूबाईंची मालिका बुडते, त्या थोडं कुरकुरतात, पण नातीसाठी सोसतात. लेक बारावीला आहे आणि तिला वकील व्हायचंय. आमच्या दोन्ही घरांत कुणी वकील नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेच ऐकत आम्ही मोठे झालो. हिला मात्र ती पायरी चढायचीच आहे, आणि तीही रोज!

बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉ कोर्सला जायचं तर आपल्या राज्याची सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा २०१६ पासून सुरू झाली. पूर्वी १५० प्रश्न असायचे, आता १२० असतात आणि वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्कशक्ती, इंग्रजी आणि थोडंसं गणित. आपल्या मुलींच्या दृष्टीने दोन गोष्टी चांगल्या आहेत. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही येतात आणि उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे आमचं पहिल्याच दिवशी ठरलं. दुसरी ती 'क्लॅट'. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची, २००८ पासूनची. ती इंग्रजीतूनच असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. लेक तिचंही पुस्तक वाचते, पण खरी भिस्त सीईटीवर.

हिंगोलीत राहून आम्हाला परवडेल असा क्लास काही सापडला नाही. तेव्हा पुस्तक आणलं, आणि पुस्तकासमोर बसायला मी. मी बी.ए. झाले त्याला वीस वर्षं उलटून गेली. माझं काम एवढंच, की प्रश्न मोठ्याने वाचायचा, मोबाईलवर मिनिट लावायचं आणि मागच्या पानावरचं उत्तर तिला दिसू द्यायचं नाही. पण मैत्रिणींनो, प्रश्न वाचता वाचता कुणाला गप्प राहवतं? चार दिवसांत मीही उत्तरं द्यायला लागले. आणि सपाटून चुकायला लागले.

पहिली चूक हळदीवर झाली. लेकीने आमच्याकडच्या वस्तू घालून प्रश्न बदलला होता. 'सर्व हळकुंडं पिवळी आहेत. एकही पिवळी वस्तू कडू नाही. निष्कर्ष : एकही हळकुंड कडू नाही.' बरोबर की चूक?

मी म्हटलं, "चूक! हळकुंड चावून बघ बरं, तोंड कडू होतंय की नाही!" हिंगोली जिल्ह्यातल्या बाईला हळदीबद्दल कुणी शिकवायला नको. आमचा अर्धा जिल्हा फाल्गुन-चैत्रात हळद शिजवण्यात आणि वाळवण्यात असतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय उगीच?

लेक हसली. "आई, तुझी जीभ बाजूला ठेव. वर काय दिलंय तेवढंच खरं धरायचं. हळकुंड पिवळं, आणि पिवळं ते कडू नाही, असं दिलंय ना? मग हळकुंड कडू नाही. निष्कर्ष बरोबर."

"पण ते खोटं आहे!"

"खरं-खोटं विचारलंच नाही. निघतो का, एवढंच विचारलंय."

मला हे पचायला दोन दिवस लागले. आपण बायका आयुष्यभर अनुभवावरच चालतो. दूध उतू जाणार हे वासावरून कळतं, पाहुणे जेवून जाणार की नाही ते चपला काढण्याच्या पद्धतीवरून कळतं. आणि इथे ही परीक्षा म्हणते, तुमचं सगळं शहाणपण दाराबाहेर काढून ठेवा, मग आत या. आधी राग आला. मग हळूहळू मजा वाटू लागली.

आता हळदीचाच दुसरा प्रश्न बघा. 'सर्व हळद पिवळी आहे. काही पिवळ्या वस्तू सोन्याच्या आहेत. निष्कर्ष : काही हळद सोन्याची आहे.' वसमतच्या मोंढ्यात कुणी हो म्हणेलही, पण इथे उत्तर चूक. का, ते पुस्तकात वर्तुळं काढून दाखवलंय. मी वर्तुळं काढत बसले नाही, हातातल्या बांगड्या काढल्या. मोठं कडं म्हणजे 'पिवळं'. त्याच्या आत छोटी बांगडी ठेवली, ती 'हळद'. तिसरी बांगडी 'सोनं'. ती कड्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ठेवायची. आता ही तिसरी बांगडी हळदीच्या बांगडीवर चढवून ठेवता येते, तशीच हळदीला अजिबात न शिवता बाजूलाही ठेवता येते. दोन्ही मांडण्या दिलेल्या वाक्यांत बसतात. निष्कर्ष कधी खरा? सगळ्या मांडण्यांत टिकला तरच. एका जरी मांडणीत तो मोडला, तर गेला. तुमच्या घरी कुणी या परीक्षेला बसत असेल तर बांगड्यांचा हा प्रयोग करून बघा. कागदावर गोंधळ होतो, बांगडी सरकवता येते. काचेच्या नकोत, दोन फुटल्या आमच्याकडे.

मग 'जर-तर'चे प्रश्न. 'जर वर पाऊस झाला, तर कयाधूला पाणी येतं. कयाधूला पाणी आलं आहे. तर वर पाऊस झाला का?' मी लगेच हो म्हटलं. उत्तर : सांगता येत नाही. पाणी दुसऱ्या कशाने आलं असेल. मात्र 'कयाधूला पाणी आलेलं नाही' असं दिलं, तर 'वर पाऊस झालेला नाही' हे नक्की निघतं. उलटं वाचायचं तर दोन्हीकडे 'नाही' लावून उलटं वाचायचं, नुसतं उलटं नाही. हे वाक्य लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, गॅसच्या तारखेच्या खाली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

'सांगता येत नाही' किंवा 'माहिती अपुरी' हा पर्याय निवडताना माझा हात फार अडखळायचा. घरात हे उत्तर कधी चालतं का? भाजी किती लागेल, गावाकडून कोण येणार, पोरगी कुणाशी बोलत होती, सगळ्याचं ठाम उत्तर बाईकडे तयार हवं. परीक्षेत मात्र ते खरं उत्तर असतं आणि त्याला पूर्ण गुण असतात.

नात्यांच्या प्रश्नांत मात्र मी लेकीला हरवते. तिच्या इंग्रजी पुस्तकात 'ब्रदर-इन-लॉ' आला की ती चाचपडते. दीर तोच, मेहुणा तोच, बहिणीचा नवरा तोच आणि नणंदेचा नवराही तोच! आपल्या भाषेत प्रत्येकाला वेगळी खुर्ची आहे. म्हणून मी तिला सांगितलं, प्रश्न कोणत्याही भाषेत असो, नातं आधी मराठीत मांडून घ्यायचं. तरी फसगत होतेच. 'फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून सुनीता म्हणाली, याच्या बायकोच्या सासूबाई त्याच माझ्या सासूबाई. तो सुनीताचा कोण?' मी ठोकून दिलं, दीर. लेक म्हणाली, नवराही असू शकतो की! बायको म्हणजे सुनीता स्वतःच. खरंच की. आपण फोटोतल्या माणसाला आधीच परका ठरवून टाकतो.

आणि एक गंमत सांगते. आमच्या गल्लीतल्या एकीचं लग्न सख्ख्या मामाशी झालंय. मराठवाड्यात हे नवीन नाही. तिची आजी तीच तिची सासू, आई तीच नणंद. पुस्तकातली वंशावळीची झाडं तिच्या घराला लावली तर फांदी फिरून खोडातच शिरते. लेकीने यावरून १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडला. त्यात मामा-भाचीचं नातं लग्नाला निषिद्ध आहे, पण त्या समाजात तशी रूढी असेल तर सूट आहे. म्हणजे कायद्यालाही आमच्या गल्लीसाठी एक फट ठेवावी लागली!

दिशांचे प्रश्न सोपे, त्यात आपल्या बायकांना काही अवघड नाही. गोल बसण्याच्या प्रश्नांत एवढंच लक्षात ठेवायचं, की सगळे मध्यभागी तोंड करून बसले असतील तर प्रत्येकाचा उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला जातो. हळदीकुंकवाला गोल करून बसा आणि बघा.

आता गृहीतकांकडे येते. माझं खरं लिहायचं तेच आहे.

या प्रकारात एक विधान देतात आणि विचारतात, बोलणाऱ्याने न बोलता काय धरून चाललंय? ओळखायची युक्ती अशी, की ते गृहीतक उलटं करून बघायचं. विधान कोसळलं तर ते गृहीतक. साधं उदाहरण. भाऊ फोनवर म्हणतो, "एसटीची वाट बघू नको, काळी-पिवळीने ये." त्याने काय धरलंय? की काळी-पिवळी मिळेल. 'त्या वेळेला काळी-पिवळी नसतेच' असं म्हणून बघा, सल्ला कोसळला. काळी-पिवळी स्वस्त असते, हे त्याने धरलेलं नाही. ते आपण घातलं.

फाल्गुनातली गोष्ट. दुपारी खरंच भावाचा फोन आला होता. माझी आई गेल्या श्रावणात गेली. तिच्या नावावर गावाकडे दोन एकर आहे. भाऊ म्हणाला, "आक्का, आईच्या जमिनीचं उरकून टाकू. हळद शिजली की येतो मी. आधारची झेरॉक्स काढून ठेव, सही लागंल तुझी." मी बरं म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंही नाही.

संध्याकाळी सात वाजता पुस्तक उघडलं. तिसराच प्रश्न. 'विधान : मुलीच्या लग्नात तिला पुरेसं दिलेलं असतं, त्यामुळे तिने वडिलांच्या जमिनीत वाटा मागण्याचं कारण नाही. गृहीतक एक : लग्नात दिलेलं हे जमिनीतल्या वाट्याच्या बरोबरीचं असतं. गृहीतक दोन : मुलगी जमीन कसू शकत नाही.'

मी म्हटलं, "दोन्ही."

लेक म्हणाली, "फक्त पहिलं. जमीन कसण्याबद्दल विधानात कुठे काय आहे? उलटं करून बघ. मुलगी जमीन कसू शकते, असं धरलं तरी बोलणारा म्हणेलच ना, की लग्नात दिलंय. विधान पडत नाही. दुसरं तू कुठून आणलंस?"

कुठून आणलं! मी उत्तर दिलं नाही, चहा ठेवायला उठले.

मैत्रिणींनो, माझं लग्न २००४ मधलं. वडील २००६ मध्ये गेले. २००७ मध्ये, ही पोटात असताना, भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसवलं, कागदाच्या प्रत्येक पानावर सही घेतली, अंगठाही घेतला. कागदावर ठळक अक्षरात 'हक्कसोडपत्र' लिहिलं होतं, ते मी वाचलं. त्याखालचं नाही वाचलं. बाहेर आल्यावर रसवंतीत उसाचा रस प्यायलो. त्या दिवाळीला भावाने इरकलीचं लुगडं घेतलं. ते अजून कपाटात आहे, जरीला हातही लावलेला नाही. "तुला काय करायचीय जमीन, तुला काय कसायचीय का?" हे तेव्हा आईच म्हणाली होती, भाऊ नाही. लेकीच्या पुस्तकातलं दुसरं गृहीतक मी तिथून उचललं होतं.

भावाबद्दल गैरसमज नको. माझा भाऊ गुणाचा आहे. दरवर्षी वानोळा घरपोच आणतो. हरभरा, ज्वारी, नवी हळद. माझ्या बाळंतपणात त्याने रात्र-रात्र दवाखान्यात काढली. आणि सही करताना मला कुणी धाकही घातला नव्हता. बहिणी करतातच, म्हणून मीही केली. सही केली की माहेरचा दरवाजा उघडा राहतो, हे कुणी बोलून दाखवत नाही. तेही गृहीतकच म्हणायचं!

चहाचे कप घेऊन आले तर लेक कॅलेंडरकडे बघत होती. म्हणाली, "आई, ज्याचा हक्क नाही त्याची सही लागते का?"

"नाही लागत. शेजारणीची कोण घेतं?"

"हक्क नसेल, तर सही लागत नाही. तुझी सही लागली. दोन्हीकडे 'नाही' लावून उलटं वाच."

वाचलं. हक्क होता.

वीस वर्षं मी समजत होते की माझी सही हा एक उपचार होता, मंगल कार्यालयात अक्षता टाकतात तसा. कुणी विचारलं तर म्हणायची, आम्हा बहिणींचा कसला आलाय हक्क. आणि माझ्याच सहीने नेमकं उलटं सिद्ध होत होतं. जे नव्हतंच ते सोडलं कसं?

मग आम्ही दोघींनी तर्कशक्तीचं पुस्तक मिटलं आणि कायद्याचं उघडलं. हे प्रत्येकीने समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती. तिथे अट एकच, मुलीचं लग्न २२ जून १९९४ च्या आधी झालेलं नसावं. माझं २००४ चं. म्हणजे मला पुढची वाट बघायचीही गरज नव्हती! केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने लग्नाची अटही काढून टाकली. मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायाद, असं कायद्यात आलं. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासून वाटेकरी. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर मात्र ती मोडत नाही. आणि आईच्या स्वतःच्या नावावरची जमीन? तिने मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिच्या मागे मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, हे तर १९५६ पासूनच आहे.

यातला पुढचा भाग लेकीला फार आवडला, कारण तो थेट तिच्या पुस्तकातल्यासारखा आहे. २००५ चा कायदा म्हणतो, मुलगी जन्मतः वाटेकरी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सांगितलं, की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगीही हयात हवी आणि वडीलही हयात हवेत. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं लग्न १९९० चं आणि त्यांचे वडील गेले २००१ मध्ये. म्हणजे त्या बाद. वडिलांच्या वाट्यातला वाटा मिळेल, पण भावाच्या बरोबरीचा नाही. आता बांगड्या मांडा. 'वडील हयात हवेत' ही बांगडी कायद्याच्या वाक्यात होती का? नव्हती. कायदा मागच्या तारखेपासून लागू होत नाही, असं २०१५ च्या निकालातलं कारण होतं. मग ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ती अट काढून टाकली. हक्क जन्माने येतो असं म्हटलं, तर वडील कोणत्या तारखेला गेले याने फरक पडत नाही. दिलं होतं तेवढंच धरलं, बाहेरचं काढलं. जाऊबाई पुन्हा आत! मी त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "आता काय उपयोग बाई, भाऊ पण म्हातारा झाला." पण तारीख मात्र लिहून घेतली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर कुणी उद्या उठून भावाच्या दारात उभी राहील. राजीखुशीने केलेलं, नोंदवलेलं हक्कसोडपत्र एकटीच्या मर्जीने मागे घेता येत नाही. फसवून किंवा दबाव आणून सही घेतली असेल तर ते दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं आणि त्यालाही मुदत असते. माझी २००७ ची सही राजीखुशीची होती, त्यामुळे ती झाली ती झाली. पण अजून न केलेली सही आपली असते. जमिनीतला हक्क तोंडी 'सोडला' म्हटल्याने सुटत नाही, कागद नोंदवावाच लागतो. वारस म्हणून फेरफारात नाव लागणं आणि हक्क सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेही मला त्या रात्री कळलं. पुष्कळ वेळा दोन्ही एकाच फेरीत उरकतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं.

त्यानंतर पुस्तकातला कुठलाही प्रश्न आम्हाला साधा वाटेना. सामान्य ज्ञानाच्या भागात एक ठरलेला प्रश्न असतो, भारतातली पहिली महिला वकील कोण? कॉर्नेलिया सोराबजी, खूण करा, पुढे चला. पण कॉर्नेलिया आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पुढे ऑक्सफर्डला गेल्या. तिथे १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळातली गोष्ट आणखी ऐकण्यासारखी. १८७९ च्या वकिलीच्या कायद्यात लिहिलं होतं, की पात्रता असलेल्या 'व्यक्ती'ला सनद मिळेल. १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायद्याची पदवी घेतलेल्या बाईंनी कलकत्त्यात अर्ज केला. उच्च न्यायालयाने नाकारला. कायदा करणाऱ्यांच्या मनात 'व्यक्ती' म्हणताना बाई नव्हतीच, म्हणे! १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांना तेच उत्तर मिळालं. त्याच वर्षी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांची नोंद करून घेतली. शेवटी १९२३ मध्ये कायदाच करावा लागला, की केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही.

लेकीने मोठं कडं ठेवलं, 'व्यक्ती'. छोटी बांगडी उचलली, 'बाई', आणि मला विचारलं, "कुठं ठेवू?"

सासूबाई माळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "आतच ठेव की गं. अजून कुठं ठेवायली?"

परवा रविवारी भाऊ आला. बरोबर हरभऱ्याचं पोतं, पाच किलो नवी हळद आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागद. जेवणं झाली. लेकीचा सातचा नेम चुकत नाही, तिने मामालाही बसवून घेतलं. माझा भाऊ हिशेबाला तल्लख. बांगड्यांचे चार प्रश्न त्याने बोलता बोलता सोडवले, 'जर-तर'चे दोन सोडवले. मग पोरीने तो प्रश्न काढला. मी डोळ्यांनी नको-नको म्हणत होते, पण तिने वाचलाच. विधान, गृहीतक एक, गृहीतक दोन.

"पहिलं," तो लगेच म्हणाला. "दुसऱ्याचा काय संबंध?"

"बरोबर," लेक म्हणाली.

तो हसला. मग हसता हसता थांबला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. सासूबाईंनी त्याला पान हवं का विचारलं.

त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली. "आक्का, ते कागद..."

मी म्हटलं, "राहू दे इथंच. वारसाचे कोणते आणि दुसरे कोणते, ते आधी वाचून घेते. तू पुढच्या रविवारी ये."

"वाचायचं काय आहे त्यात?"

"तेच बघते."

त्याने चपला घातल्या, मग पुन्हा काढल्या आणि आत येऊन बसला. गावाकडची शेवटची गाडी साडेआठला असते, घड्याळात साडेसातच वाजले होते. भाचीला म्हणाला, "पुढचा घे." पुढचा प्रश्न गोल बसलेल्या सहा जणांचा होता.